पटावरची मुले आणि पदावरचे गुरुजी

निवडणुकीच्या हंगामात कन्हेरीच्या मारुतीला उसंत नसते. बारामती तालुक्यातले, काटेवाडीच्या शेजारचे हे गाव. शरद पवार 1967 मध्ये बारामतीतून पहिल्यांदा आमदार झाले. पवारांच्या प्रचाराचा नारळ फुटायचा तो इथेच, आणि पक्ष दुभंगल्यावर 2024 मध्येही कन्हेरीचा हा मान कोणी काढून घेतला नाही. नारळ फुटतो, भाषणे होतात, गाड्यांचा ताफा धुरळा उडवत निघून जातो. मग मतदानाचा दिवस येतो आणि गावोगावची झेडपीची शाळा मतदान केंद्र होते. आदल्या दिवशी यंत्रे घेऊन मुक्कामाला येणारे, बोटाला शाई लावणारे, 17-सी नमुन्यातला हिशेब जुळेपर्यंत जागचे न हलणारे लोक कोण असतात? बहुतेक कुठल्यातरी दुसऱ्या गावचे गुरुजी आणि बाई. त्याआधी वर्षभर मतदारयादी घेऊन दारोदार फिरलेला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, हाही पुष्कळदा गुरुजीच.

इतक्या निवडणुका पार पाडणाऱ्या या माणसाला एका निवडणुकीत मात्र मत नाही, आणि ती निवडणूक आहे शिक्षकांची. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाच्या सात जागा आहेत. पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. राज्यघटनेच्या 171 व्या कलमाप्रमाणे मत आहे ते माध्यमिक आणि त्याहून वरच्या संस्थांत शिकवणाऱ्यांना. हायस्कूलच्या सरांना मत, कॉलेजच्या प्राध्यापकांना मत. पहिलीतल्या पोराचा हात धरून 'अ' गिरवून घेणाऱ्याला नाही. घटना लिहिली गेली तेव्हा व्हर्नाक्युलर फायनल होऊन शाळेवर रुजू झालेले मास्तर गावोगाव होते. आज झेडपीच्या शाळेत एमए, बीएड झालेले शिक्षक ढिगाने सापडतील. कलम तिथेच आहे आणि प्राथमिक शिक्षकांच्या संघटना ते बदलून मागताहेत, त्यालाही खूप वर्षे झाली.

तेव्हा प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेला सभागृहाचे दार सरळ उघडत नाही. तिच्याकडे बळ दोन प्रकारचे: एक स्वतःची संख्या, दुसरे गाव. संख्या तिने पुरेपूर वापरली. गावाकडे तिचे लक्ष फार उशिरा गेले, आणि माझ्या मते तिच्या जयापजयाचे कोडे बरेचसे या उशिरात आहे.

पगार आणि शिक्षण यांची गाठ खरे तर संघटना जन्मायच्या कितीतरी आधी पुण्यातच मारली गेली होती. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडाच सांगून टाकला: 12 रुपयांहून कमी नको, मोठ्या गावांत 15 किंवा 20 तरी हवेत. शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी वर्गातला हवा आणि वेळ आली तर नांगराचे रुमणे धरायला लाजणारा नको, असेही त्यांचे म्हणणे होते. फुले काही शिक्षकांचे पुढारी म्हणून बोलत नव्हते. शेतकऱ्याच्या पोराला चांगला मास्तर मिळायचा तर मास्तराचे पोट भरले पाहिजे, इतका तो साधा व्यवहार होता. पुढे शंभर वर्षांत या व्यवहाराची दोन टोके एकमेकांपासून सुटत गेली.

1923 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या कारभारात आल्या. पुणे जिल्हा लोकल बोर्डावर 1938 मध्ये काटेवाडीच्या शारदाबाई पवार निवडून आल्या. पुढे नुकत्याच जन्मलेल्या शरदला सोबत घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला गेल्या होत्या, ही हकीकत स्वतः शरद पवारांनीच सांगितलेली आहे. त्या काळचा खेड्यातला गुरुजी शाळेबरोबर पुष्कळदा पोस्टही सांभाळी. पत्रे वाची, मनीऑर्डरी वाटी, लोकांचे अर्ज लिही. म्हणजे 'अशैक्षणिक कामे' ही तक्रार आजची वाटली तरी कामे जुनीच आहेत. फरक असला तर इतकाच की पोस्टाचे चार पैसे वेगळे मिळत आणि गावात पतही वाढे. आज पोर्टल भरल्याची पत कोणी देत नाही.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गुरुजींचा धनी बदलला. नेमणूक, बदली, पगार सारे झेडपीच्या हाती आणि झेडपी राजकारणाच्या हाती. याच काळात राज्यभर दोन मोठ्या फळ्या उभ्या राहिल्या. आचार्य मो. वा. दोंदे यांची परंपरा सांगणारा प्राथमिक शिक्षक संघ आणि भा. वा. शिंपी गुरुजींनी उभी केलेली प्राथमिक शिक्षक समिती. स्टाफरूममध्ये ओळख करून घेताना आजही 'संघाचे की समितीचे?' हा प्रश्न येतोच. इथला संघ म्हणजे शिक्षक संघ, हे बाहेरच्या वाचकाला सांगून ठेवलेले बरे. जिल्हा सेवेच्या 1967 च्या वर्तणूक नियमांनी शिक्षकाला राजकारणात पडायला बंदी केली. नियम कागदावर कडक, पण कोणता गुरुजी कोणाच्या गोटातला हे तालुक्यात चहाच्या टपरीवरही सांगता येई.

संख्येचे बळ काय करू शकते ते 1977 मध्ये दिसले. 14 डिसेंबरला र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले, शिक्षकही उतरले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. मागणी एकच आणि सगळ्यांना कळणारी: महागाई भत्ता केंद्राइतका द्या. संप 54 दिवस चालला. जुने गुरुजी अजूनही 'चोपन्न दिवस' एवढेच म्हणतात, कशाचे ते सांगावे लागत नाही.

त्या संपाने एका पिढीला घडवले आणि तिच्या विचारांना एक वळणही लावले. सगळे एकदम थांबलो की सरकार नमते, हा धडा पक्का बसला. पण कोषागार बंद पडले तर झळ सरकारला लागते. शाळा बंद पडली तर मंत्रालयात कोणाच्या चहात साखर कमी पडत नाही. झळ लागते ती ज्यांच्या आईबापांना शिकवणी परवडत नाही त्या पोरांना. शिक्षकाच्या संपात दाब कोणावर पडतो आणि निर्णय कोणाच्या हाती असतो, यात ही फारकत कायमची आहे. संघटनेने तिचा विचार क्वचितच केला.

सरकारनेही मग एकजुटीवर घाव घालण्याची वेगळी रीत शोधली. कोणाचा पगार कापायचा नाही. नव्याने येणाऱ्याला वेगळ्या अटींवर घ्यायचे. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. डीएड होऊन लागलेल्या तरुणाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची, आणि प्राथमिकला मानधन महिना 3 हजार. पुढे ते 6 हजार झाले, आणि उच्च न्यायालयाने कानउघाडणी केल्यावर 2023 मध्ये 16 हजार. दुसरा घाव 1 नोव्हेंबर 2005 चा. त्या दिवसापासून रुजू होणाऱ्याला जुनी पेन्शन नाही, अंशदानाची योजना.

एखाद्या तीनशिक्षकी शाळेचे उदाहरण घ्या. मुख्याध्यापक 1998 ला लागलेले. निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम ठरलेली. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई 2009 च्या. दर महिन्याला 10 टक्के कापले जातात आणि शेवटी हाती काय येईल हे बाजार ठरवणार. तिसरा नवा मुलगा, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून परजिल्ह्यातून आलेला, 16 हजारांत खोलीभाडे, पेट्रोल आणि गावी पाठवायचे पैसे बसवणारा. तिघेही तोच परिपाठ घेतात, तीच पोषण आहाराची चव नोंदवही भरतात. तिघांचे दुखणे मात्र वेगळे. मुख्याध्यापकांच्या संघटनेचा नेता पेन्शनवर बोलायला उठला की मागच्या रांगेतले तरुण मोबाईल काढत. त्यातूनच जुनी पेन्शन हक्क संघटना उभी राहिली. तिला ना संघ आवरू शकला, ना समिती.

'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तेव्हा ऐकली नसेल असा माणूस विरळा. 14 मार्च 2023 ला लाखो कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले, तोही दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना. सरकारने त्याच दिवशी अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा, विधिमंडळात मंजूर करून घेतला. 20 मार्चला संप मागे घेतला गेला. सरकारची अभ्यास समिती नेमली गेली. पुढे सुधारित योजना आली आणि 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीच्या जाहिरातीवरून नेमणूक झालेल्यांना जुन्या पेन्शनचा पर्यायही मिळाला. बाकीच्यांसाठी वाद अजून मिटलेला नाही. संपाच्या त्या आठवड्यात गावांतली नाराजी मात्र लपत नव्हती. ज्याच्या कांद्याला भाव नाही, ज्याला म्हातारपणी पोरांच्या तोंडाकडे बघायचे आहे, त्याला गुरुजींची पेन्शन हा आपला प्रश्न वाटावा तरी कसा? संघटनेने त्याला तसा तो समजावलाही नाही.

नाराजीला कारणेही होती, ती झाकून चालणार नाही. शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहावे असा नियम. घरभाडे भत्ता घ्यायचा आणि बारामतीत किंवा पुण्यात राहायचे, ही रीत सर्रास. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय काढला तेव्हा औरंगाबादेत शिक्षकांचा प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चातला मुद्दा रास्त होता. गावात राहण्याजोगी खोली मिळत नाही, नवरा-बायकोच्या शाळा दोन तालुक्यांत, स्वतःच्या मुलांचे शिक्षण आहेच. पण ज्याची मुले झेडपीच्या शाळेत आहेत अशा पालकाच्या डोक्यात शेवटचा मुद्दा वेगळाच जाऊन बसतो. गुरुजींची मुले कुठे शिकतात? यावर संघटनेच्या व्यासपीठावरून उत्तर आलेले मी ऐकलेले नाही.

दुसरे म्हणजे पतसंस्था आणि शिक्षक बँका. शिक्षकांची सहकारी पतसंस्था ही मुळात अतिशय उपयोगी गोष्ट. सावकाराच्या दारात न जाता मुलीच्या लग्नाला, घराला कर्ज मिळते, हप्ता पगारातून वळता होतो, बुडवाबुडवी नाही. पण सत्तेची खुर्ची आली की पॅनेल आले. संघटनांत फूट पडली की ती तत्त्वावर पडली असे जाहीर होते. संचालक मंडळाची निवडणूक किती महिन्यांवर आहे ते पाहिले की खरे कारण कळते. सर्वसाधारण सभेत खुर्च्या फेकणाऱ्या गुरुजींचे फोटो वर्तमानपत्रांत येतात ते पाहून चौथीतली पोरे काय म्हणत असतील ते असो.

तिसरी गोष्ट बदल्यांची. इथे सरकारने केलेल्या एका सुधारणेने संघटनांचा नकळत कायापालट केला. पूर्वी बदली म्हणजे नेत्याचा फोन. तो फोन ज्याच्या ओळखीने लागे तो संघटनेत मोठा. 27 फेब्रुवारी 2017 च्या निर्णयाने झेडपी शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. दुर्धर आजारी, दिव्यांग असे लोक संवर्ग एकमध्ये, पती-पत्नी एकत्रीकरणवाले संवर्ग दोनमध्ये, आणि पुढे क्रमाने बाकीचे. हक्क असलेल्याने तुमची शाळा मागितली की तुम्हाला 'खो' बसला. मग तुम्ही विस्थापित, आणि शेवटच्या फेरीत जे गाव पदरात पडेल ते तुमचे. पहिल्या वर्षी घोळ फार झाले, खोट्या प्रमाणपत्रांचा बाजारही झाला. तरी एक झाले, 'बदली करून देतो' म्हणणाऱ्या पुढाऱ्याचे दुकान बसले. मग पुढाऱ्याने करायचे काय, हा प्रश्न उरला. काहींनी पतसंस्था धरली. काहींनी मात्र शासन निर्णय वाचायला सुरुवात केली, आणि पुढच्या लढ्यांत कामाला आले ते हेच लोक.

आता पटाकडे वळू. सगळी कळीची गोष्ट तिथे आहे.

शाळेत किती शिक्षक द्यायचे ते दरवर्षी संचमान्यतेत ठरते. त्यासाठी पट धरायचा तो 30 सप्टेंबरचा, आणि मूल मोजायचे ते आधार वैध असेल तरच. शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव 'आरोही' आणि आधारवर इंग्रजीत भलतेच स्पेलिंग, किंवा जन्मतारखेत घोळ, की पोर्टल त्या मुलाला नाकारते. मूल रोज पहिल्या रांगेत बसून पाढे म्हणते आहे, पण मोजणीत नाही. म्हणून सप्टेंबरात गुरुजी पालकांना घेऊन आधार केंद्राच्या रांगेत उभे दिसतात. दोन-तीन मुले निसटली तर शाळेतले एक पद उडू शकते. पद उडाले की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गात येऊन बसतो.

या भागात तारखेचा आणखी एक पेच आहे. बारामती आणि इंदापूर हा उसाचा मुलूख. कन्हेरीपासून जवळच भवानीनगरचा छत्रपती कारखाना, इकडे माळेगाव आणि सोमेश्वर, खाली इंदापूरकडे कर्मयोगी. गाळप सुरू होते ते दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि त्यांच्याबरोबर मुले. म्हणजे 30 सप्टेंबरला ही मुले तिकडच्या गावच्या पटावर असतात आणि नोव्हेंबरात इकडे उसाच्या फडात. तिकडे वर्ग रिकामा, पण पद मंजूर. इकडे मूल हजर, पण त्याच्यासाठी शिक्षक नाही. शिक्षण हमी कार्ड नावाचा कागद सोबत दिला जातो, तो दाखवला की कोणत्याही शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. बसवून घेतातही. पण धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर थांबलेल्या दहा वर्षांच्या पोरीला हुडकून आणायला कोण जाणार, आणि आणली तर मार्चपर्यंत तिच्यासाठी वेगळा वेळ कोण काढणार? पूर्वी जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर ही मुले नियमित शाळेत यावीत असे ठरले. तत्त्व उत्तम. मोजणीची तारीख मात्र कोणी हलवली नाही.

मला नेहमी वाटते, प्राथमिक शिक्षकांच्या सगळ्या संघटनांनी मिळून एकच मागणी धरली असती, की ऊसपट्ट्यात पट दोनदा मोजा, एकदा सप्टेंबरात आणि एकदा डिसेंबरात, तर शिक्षकाचे पद आणि तोडणी कामगाराचे मूल दोन्ही एकाच निवेदनात आले असते. अशी मागणी महागाई भत्त्यासारखी टाळ्या घेत नाही. पण तिच्यामागे मुकादमापासून कारखान्याच्या संचालकापर्यंत कोणालाही उभे करता येते.

गावाला आणि गुरुजींना एका बाजूला आणण्याचे काम शेवटी सरकारनेच केले. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा पहिली ठिणगी पडली. 2023 च्या सप्टेंबरात तर एकामागून एक तीन गोष्टी झाल्या. 6 तारखेला बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीसाठी नऊ कंपन्यांची निवड. 18 तारखेला कंपन्यांनी सरकारी शाळा दत्तक घेण्याची योजना. आणि त्याच महिन्यात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवणारे पत्र, नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातल्याच पानशेतचा. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात सुमारे 14 हजार 800, मुले 1 लाख 85 हजारांच्या घरात. स्पर्धा परीक्षेची पोरे, शिक्षक आणि पालक एकाच वेळी रस्त्यावर आले. कंत्राटी भरतीचा निर्णय 20 ऑक्टोबरला रद्द झाला.

मग 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते की पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि सहावी ते आठवीला वर्गागणिक किमान एक. त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना स्वतंत्र. नव्या निर्णयाने सहावी ते आठवीचा पट 20 च्या आत असला तर तिथे शिक्षक शून्य. त्यावर 5 सप्टेंबरला, नेमका शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, कमी पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा आदेश निघाला, मानधन 15 हजार.

25 सप्टेंबर 2024 ला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे नेले. आधी काळ्या फिती लावून काम, मग प्रशासनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांमधून बाहेर पडणे. हा शेवटचा प्रकार वरवर क्षुल्लक वाटेल. पण 'आज दुपारी 3 पर्यंत माहिती सादर करा' असे फर्मान ज्या ग्रुपवर रोज पडते, त्यातून एकदम बाहेर पडल्यावर अधिकाऱ्यांना आपला कारभार कशावर चालतो ते समजले. त्यात मुलांचा एक तासही बुडाला नाही. संपापेक्षा हे हत्यार मला अधिक अक्कलहुशारीचे वाटते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या वेळी भाषा बदलली होती. निवेदनांत 'आमची पदे' कमी आणि 'सातवीच्या मुलींनी जायचे कुठे' जास्त. वाडीवस्तीवरची मुलगी पाच किलोमीटरवरच्या शाळेत पाठवायची की घरी बसवायची, हा हिशेब प्रत्येक घराला कळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. एरवी सह्यांपुरती बोलावली जाणारी ही समिती ठराव करू शकते, ग्रामसभेत नेऊ शकते. वर्तणूक नियम शिक्षकाला बांधतात, पालकाला नाही. कमी पटाच्या शाळांवरील कंत्राटी नेमणुकीचा आदेश पुढे मागे घेतला गेला. सहावी ते आठवीच्या शून्याचे भांडण मात्र चालूच राहिले.

पालकांना सोबत घेऊन लढण्याचा हा मार्ग जगाला नवा नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया या खाणकामगारांच्या गरीब राज्यात 2018 मध्ये सर्व 55 काउंट्यांतले शिक्षक संपावर गेले. तिथेही शाळेतल्या जेवणावर पोट असणारी मुले होती. शिक्षकांनी संपाआधी त्या मुलांसाठी जेवणाची पाकिटे भरली, घरोघर पोहोचवली आणि मग शाळा बंद केल्या. शाळेचे नऊ दिवस बुडाले. 5 टक्के वाढ मिळाली, आणि ती फक्त शिक्षकांना नव्हे, राज्याच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना. शिकागोच्या शिक्षकांनी 2012 च्या संपाआधी पालकांत बरीच पायपीट केली होती. पाठ्यपुस्तके पहिल्या दिवशी वर्गात असावीत, ही त्यांच्या मागण्यांतली एक. पुढच्याच वर्षी कमी पटाचे कारण देत त्या शहराने सुमारे 50 शाळा बंद केल्या, तेव्हा शिक्षक हरले. 2019 च्या संपात त्यांनी शाळेला परिचारिका आणि समाजसेविका मागितल्या आणि मिळवल्या. उलट उदाहरण घरचे आहे. 2003 मध्ये तमिळनाडूत जयललितांनी संपावरचे सुमारे 1 लाख 70 हजार कर्मचारी आणि शिक्षक एका फटक्यात काढून टाकले, आणि सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा हक्कच नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सुनावले. लोक तेव्हा रस्त्यावर आले नाहीत.

सध्याचा वाद टीईटीचा. त्याचे मूळ प्रकरण महाराष्ट्राचेही आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या प्रत्येक सेवेतील शिक्षकाने दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. ही परीक्षा आली 2010 नंतर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्या वेळच्या नियमाने लागलेल्या माणसाला खेळ अर्ध्यावर आल्यावर नवा नियम लावला, ही शिक्षकांची तक्रार न्याय्य आहे. परीक्षेच्या विश्वासार्हतेवरही बोट ठेवता येते. 2019-20 च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवलेले साडेसात हजारांहून अधिक उमेदवार सापडले आणि परीक्षा परिषदेच्या प्रमुखालाच पुणे पोलिसांनी अटक केली.

5 डिसेंबर 2025 ला राज्यातल्या शिक्षकांनी शाळा बंद ठेवून मोर्चे काढले. मागण्यांत टीईटी होती, 15 मार्चचा निर्णयही होता. सरकारने एक दिवसाचा पगार कापण्याची ताकीद दिली. संचमान्यतेसाठी गुरुजींबरोबर ठराव करणारे पालक टीईटीच्या मुद्द्यावर मात्र सोबत यायचे नाहीत. त्यांचा प्रश्न सरळ असतो: पोरांची परीक्षा तुम्ही दर सहा महिन्यांनी घेता, तुमची एकदा झाली तर बिघडले कुठे? वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला वर्गातल्या कामावरून पारखावे की प्रश्नपत्रिकेवरून, हे या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. पण ते द्यायचे तर वर्गातले काम पारखायचे कसे आणि कोणी, पालकांना त्यात जागा द्यायची का, हे संघटनेला आधी स्वतःशी ठरवावे लागेल. त्याचा मसुदा अजून कुठल्याही अधिवेशनात आलेला माझ्या पाहण्यात नाही.